सपाट रानातले तीन बांध

बिरा,

परवा तुझ्या कचेरीतले लोक माझ्याकडे आले होते. तुझ्यावर चार पानांची पुस्तिका काढतायत. जन्म कधीचा, नोकरीला कधी लागला, कुठं कुठं बदल्या झाल्या, मागं कोण कोण आहे, असं विचारत होते. मला ठाऊक होतं तेवढं मी सांगितलं. निघताना त्यांच्यातला एक जण चपला घालता घालता थांबला आणि म्हणाला, "सर, साहेबांच्या टेबलाच्या खणात गणिताची इंग्रजी पुस्तकं निघाली. कुठल्या परीक्षेला बसणार होते का?" मी नाही म्हणालो. "मग कशाला वाचत होते?" यावर मी काहीतरी पुटपुटलो. त्याचं समाधान झालं नाही, माझंही झालं नाही. ते उत्तर त्यांच्या चार पानांत बसणारं नव्हतं, म्हणून हे तुलाच लिहितोय.

पणदऱ्याच्या शाळेत आपण एका बाकावर बसायचो. तू पळसदेवचा, पण मामाकडे राहून शिकत होतास. मी त्याच शाळेतल्या मास्तरांचा मुलगा. तुझे वडील तेव्हा अजून मेंढरं घेऊन कोकणात उतरायचे आणि ते परतेपर्यंत तुला घरचं कुणी भेटायला यायचं नाही. भूमितीत तू माझ्या पुढं होतास. माझ्या वडिलांनी हे माझ्यापासून कधी लपवलं नाही, उलट जेवताना बोलून दाखवायचे. तरी दहावीनंतर मी पुण्याला गेलो, एम.एस्सी. होऊन बारामतीच्या कॉलेजात शिकवायला लागलो, आणि तू बारावी करून मोजणी खात्यात चिकटलास. पुढची बारा-तेरा वर्षं आपण एकमेकांना विसरलोच होतो.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आमच्या पणदऱ्याच्या रानाची मोजणी निघाली. मी बांधावर पोचलो तर तीन पायांच्या टेबलावर कागद लावून, एक डोळा मिटून तू उभा. मला ओळखलंस, पण मान वर केली नाहीस. "थांब शिरपा, एवढी रेघ मारतो," म्हणालास. जसं काही आपण काल शाळा सुटल्यावरच वेगळे झालो होतो.

दुपारी विहिरीपाशी भाकरी खायला बसलो तेव्हा तू ते विचारलंस. रानाची हद्द धरून निघायचं, कोपरा कोपरा घेत फिरायचं आणि निघालो त्याच दगडावर परत यायचं. पाय बरोबर दगडावर येतात, पण कागदावरची रेघ येत नाही, थोडी आधी नाहीतर थोडी पुढं पडते. तो फरक मग सगळ्या बाजूंना त्यांच्या लांबीच्या प्रमाणात वाटून टाकायचा, असा नियम. तू दहा वर्षं तो पाळत होतास. "पर लांब बाजूत चूक जास्ती झाली आसंल, हे कुणी ठरीवलं?" तू म्हणालास. "साहेबाला इचारलं तर म्हंतो, नियम हाय. नियम हाय ते मलाबी म्हाईत हाय." मी सांगितलं की याचं उत्तर गणितात आहे, त्या शाखेला लिनिअर अल्जिब्रा म्हणतात. तू ते नाव दोनदा म्हणून पाहिलंस आणि विचारलंस, "कुठलं पुस्तक वाचू?"

बिरा, किती जणांनी मला हा प्रश्न विचारला असेल. मी दर वेळी पुस्तकाचा विचार करत आलो होतो. त्या दिवशी पहिल्यांदा मी माणसाचा विचार केला, आणि तोही चुकीचा केला. बारावी झालेला, मराठी माध्यमाचा, दिवसभर उन्हात मोजणीची साखळी ओढणारा, बायकोपोरांचा माणूस. मी तुला आमच्या मुलांचं परीक्षेचं गाईड दिलं. बारीकसं, वरती सोडवलेलं एक गणित, खाली तसलीच दहा.

दोन महिन्यांनी तू इंदापूरहून एसटीनं आलास आणि ते माझ्या टेबलावर ठेवलंस. आत सगळी गणितं सोडवून झालेली, पेन्सिलीनं, तुमच्या नकाशावर असतात तसल्या रेखीव आकड्यांत. मी शाबासकी द्यायला तोंड उघडलं, पण तू आधी बोललास. "पुस्तक न वाचताबी ह्यातली गणितं सुटत्यात. मग पुस्तक कशाला हाय?" थोडं थांबून विचारलंस, "तू पुण्याला हेच वाचलं व्हतंस का?"

मी नाही म्हणालो.

"मग मला का दिलंस?"

तुझ्या आवाजात राग नव्हता. मोजणीत दोन आकडे जुळले नाहीत की विचारतोस तसं विचारलंस. माझ्याकडे उत्तर होतं, पण ते तुझ्या तोंडावर सांगण्यासारखं नव्हतं. मी म्हणालो, पुढच्या रविवारी पुण्याला जाऊ.

त्या रविवारी अप्पा बळवंत चौकात आणि तिथून पुढं जुन्या पुस्तकांच्या दुकानांत आपण सकाळपासून फिरलो. मी सवयीप्रमाणे लेखकाचं नाव, अनुक्रमणिका आणि शेवटची प्रकरणं बघत होतो. तू एक विषय धरलास. एक सदिश, म्हणजे लांबी आणि दिशा असलेला बाण, दुसऱ्या दोघांपासून बनतो की नाही, एवढीच गोष्ट. प्रत्येक पुस्तकात तेवढीच शोधून, उभ्यानं, ओठ हलवत वाचायचास. शब्द अडला की खिशातला डिक्शनरीचा गुटका काढायचास. दुकानदार कंटाळला. "घ्यायचंय का वाचायचंय?" म्हणाला. तू त्याला शांतपणे म्हणालास, "वाचाया घ्यायचंय, म्हणून वाचून बघतोय."

मी तुला म्हणालो, पहिल्या वाचनात यातलं काहीच समजणार नाही, मग वाचून काय कळतंय? तेव्हा तू जे सांगितलंस ते मी नंतर कितीतरी मुलांना सांगितलं. "समजत न्हाय ते खरं. पर कुठल्या वळीवर समजायचं थांबलं, ते घावतं का बघतोय. ज्या पुस्तकात ते घावतं ते घ्यायचं. ज्यात सगळंच धुकं, त्यात आपुनबी न्हाय आन् लिव्हणाराबी न्हाय."

शेवटी दोन घेतली. एक रशियनवरून इंग्रजीत आणलेलं, लाल पुठ्ठ्याचं, घट्ट शिवलेलं. दुसरं अमेरिकन, आपल्याकडे छापलेल्या स्वस्त आवृत्तीतलं, पण मागं उत्तरं असलेलं. उत्तरांवर तू अडून बसला होतास. जवळ मास्तर नसला तर मागची उत्तरं हाच मास्तर, हे तुझं म्हणणं. लाल पुस्तक तुझ्या पसंतीचं, हिरवट अमेरिकन माझ्या. आळीपाळीनं वाचायचं ठरलं. परतीच्या गाडीत तू दोन्ही मांडीवर घेऊन बसलास. शेजारच्या म्हाताऱ्यानं विचारलं, पोराची का? तू म्हणालास, "माझी."

तिथून आपले रविवार सुरू झाले. एक रविवार तू बारामतीला, पुढचा मी इंदापूरला तुझ्या खोलीवर, सुट्टी असली तर पळसदेवला. मधल्या दिवसांत तुझी पोस्टकार्डं यायची. पत्त्याच्या बाजूलाही दोन ओळी घुसवलेल्या. 'पान ४१ वरून ४२ वर जाताना तो काहीतरी खातो. काय ते कळव.' कधी कधी तो लेखक खरंच काहीतरी खाऊन गेलेला असायचा, आणि मी इतकी वर्षं ते न चावता गिळत आलो होतो.

इंग्रजीनं तुला फार छळलं, पण तू त्यातूनही काढून घेतलंसच. दोन सदिशांपासून जे जे बनतं त्या सगळ्याला ते 'स्पॅन' म्हणतात. तुझ्या गुटक्यात त्याचा अर्थ होता वीत. मी हसून म्हणालो की तो अर्थ इथं लागू नाही. तू आपल्या हाताचा अंगठा आणि करंगळी ताणून बघितलीस, दोन बोटं दोन दिशांना, मध्ये पसरलेला पंजा, आणि म्हणालास, "लागतोय की." त्यानंतर आपण त्याला वीतच म्हणत आलो. आता माझ्या वर्गातली मुलंही म्हणतात. बाहेरून परीक्षक येतात तेव्हा मी त्यांना सांभाळून बोलायला सांगतो.

एका बाबतीत आपलं शेवटपर्यंत जमलं नाही. डिटर्मिनंट, म्हणजे चौकोनात मांडलेल्या आकड्यांतून एकच आकडा काढायची रीत, आधी की नंतर. तुझं लाल पुस्तक त्यानंच सुरू व्हायचं, माझं हिरवं त्याला शेवटाकडे ढकलायचं. मी तावातावानं सांगायचो की तो आकडेमोडीचा भूलभुलैया आहे, आधी सदिशांची जागा म्हणजे काय ते मनात उभं राहू दे. तू ऐकून घ्यायचास आणि मग म्हणायचास की कोपऱ्यांच्या आकड्यांवरून रानाचं क्षेत्र काढायची तुमची कचेरीतली रीत म्हणजे डिटर्मिनंटच, आणि "ज्यानं रान मोजत्यात ते शेवटच्या पानावर ठेवणारा माणूस रानात गेलेला न्हाय." हा वाद आपण भिगवणच्या स्टँडवर घातला, तुझ्या घरी मासळीचं जेवताना घातला, माझ्या बायकोनं 'आता पुरे' म्हणेपर्यंत घातला. मला तेव्हा वाटायचं की एक दिवस तू मान्य करशील. आता वाटतं, तुला त्यातल्या विजयाची काही गरजच नव्हती. वाद चालू राहण्यात तुला आनंद होता, आणि खरं सांगायचं तर मलाही.

पण दुसरा एक वाद झाला त्यात आनंद नव्हता. तो मला इथं लिहायलाच हवा.

श्रावणातला रविवार होता. माझ्याकडे कॉलेजातले दोघे सहकारी चहाला आले होते आणि तू पाऊस चुकवत नेहमीसारखा आलास. तू कोपऱ्यात बसून पुस्तक उघडलंस. परिमाणांचा भाग चालू होता. परिमाण म्हणजे जागेत मोकळ्या दिशा किती: रेषेला एक, सपाट जमिनीला दोन, खोलीला तीन. दोन जागा एकत्र केल्या तर परिमाणांची बेरीज करायची आणि दोघींत सामाईक असेल ते वजा करायचं, हे तुला पटलं होतं. तू विचारलंस, तीन जागा असतील तर? मी सहकाऱ्यांशी बोलता बोलता सांगून टाकलं की मोजदादीत करतो तसंच. तिघांची बेरीज, दोघादोघांचं सामाईक वजा, तिघांचं सामाईक पुन्हा मिळवायचं. वर्गात मी हेच सांगत आलो होतो.

तू पुस्तकातून मान वर केलीस. मग म्हणालास, "जुळत न्हाय."

मी म्हणालो, नीट बघ.

"बघितलं. सपाट रान हाय. एका दगडापासनं तीन बांध निघाल्यात, तीन दिशांला. एकेक बांध एकेक दिशेचा, बेरीज तीन. कुठलंबी दोन बांध घे, दगडाबिगर कुठं भेटत न्हाईत. मग वजा काय न्हाय, मिळवायचंबी काय न्हाय. तुझ्या रीतीनं तीन येत्यात. पर रान तर दोनच दिशांचं हाय."

एका सहकाऱ्यानं कप खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. मला त्या क्षणी तुझं म्हणणं कळलं नव्हतं असं मी इतके दिवस स्वतःला सांगत आलो. खरं तर निम्मं कळलं होतं. त्या दोघांसमोर ते कळून घ्यायला मी तयार नव्हतो. मी म्हणालो, "नऊ वर्षं शिकवतोय मी हे. बिरा, तू मोजणी कर. हे तुझं काम नव्हे."

तू पुस्तक मिटलंस. माझ्या बायकोनं चहा पुढं केला होता, तो संपवलास, तिला "येतो वैनी" म्हणालास आणि उठलास. बाहेर पाऊस होता. छत्री कोपऱ्यात होती ती घ्यायला विसरला नाहीस, म्हणजे रागाच्या भरात गेलास असंही मला म्हणता येईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलेजात जायच्या आधी मी कागद घेतला. तीन रेघा काढायला किती वेळ लागतो? तुझं बरोबर होतं. नऊ वर्षं मी एक चुकीचं सूत्र वर्गात सांगत होतो आणि एकाही मुलानं हात वर केला नव्हता. त्याच आठवड्यात मी ते वर्गात दुरुस्त केलं. फळ्यावर जुनं सूत्र लिहिलं, त्यावर काट मारली आणि शेजारी एका बिंदूतून निघणाऱ्या तीन रेषा काढल्या. मुलांना म्हणालो, समजा सपाट रान आहे आणि तीन बांध आहेत. मुलांना ते उदाहरण फार आवडलं. मागच्या बाकावरच्यांनीसुद्धा वहीत उतरवून घेतलं. उदाहरण कुणाचं, ते मी सांगितलं नाही.

तुला कळवलंही नाही. पोस्टकार्ड लिहायला घ्यायचो आणि दुसऱ्या ओळीपाशी अडायचो. मग म्हणायचो, आला की समोरासमोर सांगू. तू आला नाहीस. तुझी कार्डंही बंद झाली. भाद्रपद गेला, दसरा गेला.

दिवाळी होऊन गेल्यावर एका रविवारी दार वाजलं तर तू. हातात लाल पुस्तक आणि वहिनींनी दिलेला फराळाचा डबा. बसलास, पुस्तक उघडलंस आणि म्हणालास, "लंबाच्या प्रकरणापाशी आलोय. चल." जणू मधले महिने नव्हतेच. मला फार सुटल्यासारखं झालं. आणि बिरा, हे लिहायची लाज वाटते, पण मनात मी असंही म्हणालो की याला एकट्याला जमलं नसणार, म्हणून आला.

त्या हिवाळ्यात तुला तुझं उत्तर सापडलं. लंबाचं प्रकरण तू जसं वाचलंस तसं मी कुणाला वाचताना पाहिलेलं नाही. तुम्ही साखळी सरळ टाकता आणि वाकड्या हद्दीवरच्या खुणांपासून साखळीवर लंब काढता, ते तुझ्या हाताला ठाऊकच होतं. पुस्तकात लिहिलं होतं की मोजलेले आकडे आपसांत जुळत नसले की ते जुळणाऱ्या आकड्यांच्या जागेबाहेर पडलेले असतात, आणि तिथून त्या जागेवर लंब टाकला की सर्वांत कमी दुरुस्तीत काम होतं. तू ते तीनदा वाचलंस. मग पुस्तकावर पालथा हात ठेवून बसलास. "म्हंजे आमचाच लंब," म्हणालास. "फकस्त रानात न्हाय, आकड्यांच्या रानात."

पुढचे दोन रविवार तू तुमच्या खात्याचा नियम त्यावर घासून पाहिलास. निष्कर्ष काय निघाला ते तू मला चालता चालता सांगितलंस, कालव्याच्या कडेनं. चुकांबद्दल काही गोष्टी गृहीत धरल्या तर लांबीच्या प्रमाणात वाटायचा नियम बरोबर येतो, नाहीतर येत नाही. "नियम खोटा न्हाय," तू म्हणालास. "पर तो कवा खरा, ते कुणी सांगितलंच न्हवतं. आता मला म्हाईत झालं." मी विचारलं, साहेबाला सांगणार? तू हसलास. "इचारलं तर सांगीन." माझ्या आठवणीत तुझ्याइतका समाधानी माणूस त्या कालव्याच्या कडेनं दुसरा चालला नसेल.

त्यानंतर उलटंच झालं. अभ्यासक्रम बदलला तेव्हा संदर्भासाठी कुठली पुस्तकं सुचवायची ते मला ठरवायचं होतं, आणि मी सात पुस्तकं पिशवीत घालून पळसदेवला तुझ्याकडे आलो. तू अंगणात बाजेवर ती मांडलीस आणि एकेक उघडून तीच तुझी परीक्षा घेतलीस: समजायचं थांबलं, तर कुठल्या ओळीवर थांबलं ते कळतं का. चार बाजूला केलीस. एका फार मानाच्या पुस्तकाबद्दल म्हणालास की हा माणूस आपल्याशी बोलत नाही, दुसऱ्या मास्तरांशी बोलतोय. मी उरलेली तीन सुचवली. तिथंही तुझं नाव कुठं आलं नाही, पण अशा ठिकाणी ते येत नसतंच, असं मी स्वतःला समजावलं.

सांगायची वेळ कितीदा आली होती. एकदा भिगवणला रसवंतीत बसलो होतो, मी ग्लास खाली ठेवून म्हणालो, "बिरा, त्या श्रावणात..." तू रस्त्याकडे बघत होतास. "गाडी आली," म्हणालास आणि पिशवी उचललीस. गाडी खरंच आली होती. तू मला मुद्दाम अडवलंस की काय, हे मी नंतर पुष्कळदा मनात घोळवलं. मग दिवस गेले आणि ती गोष्ट एवढी जुनी झाली, की आता ती काढणं हाच आगाऊपणा ठरेल असं वाटायला लागलं. तूही विसरला असशील, असं मी धरून चाललो.

या चैत्रात, मोजणीच्या टेबलापाशीच तू खाली बसलास आणि उठला नाहीस. मला दुसऱ्या दिवशी कळलं. दहाव्याला आलो तेव्हा गर्दी होती. तुझे भाऊबंद, कचेरीतले लोक, ज्यांचे हद्दीचे तंटे तू मिटवले होतेस ते दोन्हीकडचे शेतकरी. मी मागं उभा राहून परत आलो.

मागच्या रविवारी मात्र पळसदेवला एकटाच गेलो. उन्हाळ्यानं धरणाचं पाणी उतरलंय, एरवी बुडालेलं जुनं देऊळ निम्मं उघडं पडलंय आणि गावातली पोरं तिकडं गेली होती. वहिनी आत होत्या. बारावीची परीक्षा दिलेली तुझी लेक वैशाली अंगणात तुझी पुस्तकं उन्हाला टाकत होती. तुझ्या चुलतभावाचं म्हणणं की तिनं डी.एड. करावं. तिला गणित घेऊन बी.एस्सी. करायचंय. वहिनी तिच्या बाजूनं आहेत, तेव्हा त्याची काळजी नको.

तिनं मला विचारलं, आप्पा पुस्तकात कुठवर आले होते? मी पान उघडून दाखवलं. मग ती म्हणाली, "काका, मधी एकदा आप्पांचं तुमच्याकडं यायचं बंद झालं होतं. दिवाळीपर्यंत. काय झालं होतं?"

तुला सांगता आलं नाही ते मी तुझ्या मुलीला सांगितलं. श्रावण, चहा, ते दोघे सहकारी, तुझे तीन बांध, माझं बोलणं. वर्गात दुरुस्त केलं तेही, आणि तुझं नाव घेतलं नाही तेही. तिनं सगळं ऐकून घेतलं. तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य दिसेना.

"आप्पांना म्हाईत होतं," ती म्हणाली.

मला कळेना. तिनं सांगितलं की कन्हेरीला दिलेल्या तुझ्या बहिणीची मुलगी, संगीता, त्या वर्षी माझ्याच वर्गात होती. मला त्याची कल्पनाच नव्हती, आडनाव वेगळं. भाऊबीजेला तू लहानग्या वैशालीला घेऊन कन्हेरीला गेलास तेव्हा संगीता वही घेऊन अभ्यास करत होती. तू वही सहज हातात घेतलीस. त्यात काट मारलेलं सूत्र होतं आणि त्याच्या शेजारी एका दगडातून निघालेले तीन बांध.

"आप्पा लय वेळ त्या पानाकडं बघत बसले," वैशाली म्हणाली. "मग हसले. म्हणाले, पोरांला आता बरोबर सांगतोय, झालं की. मी इचारलं, त्यांनी तुमाला सांगितलं का? तर म्हणाले, सांगंल. मास्तराच्या घरचा हाय, त्याला येळ लागंल. आन् दुसऱ्या रविवारी ते तुमच्याकडं आले."

म्हणजे तू परत आलास तो ते पान पाहून. एकट्याला जमलं नाही म्हणून आलास, असं मी समजत होतो. मी चूक दुरुस्त केली एवढं तुला पुरलं, आणि उरलेलं मी कधीतरी बोलेन म्हणून तू थांबलास. लंबाचं प्रकरण, कालव्याची कड, बाजेवरची सात पुस्तकं, या सगळ्या काळात तू मनात ते घेऊन माझ्यासमोर बसत होतास, आणि एकदाही डोळ्यांनीसुद्धा विचारलं नाहीस.

वैशालीनं एक पुस्तक उलटं करून उन्हाला लावलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "मग आता सांगा की."

सांगतो, बिरा. तुझं बरोबर होतं. माझं चुकलं होतं, ते मला दुसऱ्याच सकाळी कळलं होतं, आणि ते तुझं काम नव्हे असं म्हणण्याचा मला काही अधिकार नव्हता.

तुझा,
शिरपा